मकबऱ्याचा घुमट आणि आडवा पॅराबोला

(तालुक्यातल्या गणित शिक्षकांपुढं झालेलं व्याख्यान, थोडं नीटनेटकं करून)

नमस्कार. पंखे फिरायलेत तोवर मुद्द्याचं बोलून घेतो, लाईटीचा काही भरवसा नाही.

समीकरणांनी चित्र काढायचा प्रोजेक्ट, म्हणजे चित्रातली प्रत्येक रेघ ही कुठल्या तरी समीकरणाचा ग्राफ पाहिजे, हातानं ओढलेलं काही चालणार नाही. आता आपण वर्षभर काय करतो, समीकरण फळ्यावर लिहितो, लेकरं एक्सच्या किमती घालून वाय काढतात, चार टिंबं देतात, जोडतात, मार्क पडले की विषय संपला. कामून काढला हा ग्राफ, हे तेही विचारत नाहीत आणि आपणही सांगत नाही. इथं काम उलटं होतं. रेघ आधी डोळ्यासमोर असते, तिचं समीकरण शोधायचं असतं, आणि मग समीकरणातल्या त्या ए, बी, सी आकड्यांना पहिल्यांदा काहीतरी काम लागतं.

आपल्या संभाजीनगरचा बीबी का मकबरा घ्या. आझमशहानं आईसाठी, दिलरास बानूसाठी बांधलेला, सतराव्या शतकातला. सहलीला जाऊन आलेलं प्रत्येक पोरगं त्याचं चित्र डोळे मिटून काढंल. समोरून बघितला तर डावी बाजू आणि उजवी बाजू सारखीच, म्हणून मधोमध वाय अक्ष ठेवायचा, उजवी बाजू काढायची आणि एक्सच्या जागी मॉड एक्स, म्हणजे एक्सची उणे चिन्ह सोडून किंमत, लिहायचं की डावी फुकटात. एवढं एक दाखवलं ना, वर्गातला आवाज बदलतो बघा, कारण मॉड म्हणजे नुसती परीक्षेत घाबरवायची उभी दांडी नाही हे कळतं.

मिनार सोपा वाटतो पण लै शिकवतो. लेकरं आधी सरळ उभी रेघ ओढतात, एक्स बरोबर ६. मग फोटो बघतात तर मिनार वर निमुळता होत गेलेला. म्हणजे बाहेरची कड खाली ६ वर आणि ९ उंचीवर ५.८ वर. उतार काढा, उणे ४५ येतो, वाय बरोबर उणे ४५ गुणिले कंसात एक्स वजा ६. एवढा मोठा उतार पाठ्यपुस्तकात कधी भेटत नाही, तिथं आपले २, ३, उणे १. ग्राफ काढला की ती रेघ आभाळात जाते आणि खाली जमिनीतही, मग तिला ० ते ९ मध्ये अडवावं लागतं. डेसमॉस ह्या ग्राफ काढायच्या ॲपमध्ये समीकरणाच्या पुढं महिरपी कंस टाकून वाय कुठून कुठपर्यंत ते लिहायचं, झालं. माझ्या मते सगळ्या प्रोजेक्टचा जीव ह्या कंसात आहे. डोमेन आणि रेंज, म्हणजे एक्स आणि वाय कुठून कुठपर्यंत, हे आपण व्याख्या म्हणून पाठ करून घेतो, इथं ते नाही लावलं तर मकबऱ्याचं जाळं होतं.

टोकदार कमान करायची तर दोन वर्तुळं लागतात. केंद्र उणे २ वर, त्रिज्या ४, त्याचा उजवीकडचा तुकडा. म्हणजे १६ वजा, कंसात मॉड एक्स अधिक २ त्याचा वर्ग, आणि सगळ्याचं वर्गमूळ. रुंदी ४, उंची जवळपास साडेतीन, वर टोक आपोआप येतं. बांधणारे गवंडीसुद्धा साधी टोकदार कमान दोरी धरून दोन केंद्रांवरून आखतात, हे जरूर सांगा.

घुमटाला मात्र गडबड होते आणि ती व्हायलाच पाहिजे. पोट बाहेर, बूड आत. उभी रेघ टाकली तर एकाच एक्सला दोन वाय, म्हणजे फंक्शनच नाही. थोडा वेळ अडकू द्या, लगेच सांगू नका. कुणीतरी म्हणतंच, सर, एक्स आणि वाय ची अदलाबदल केली तर? एक्स बरोबर ३ वजा, कंसात वाय वजा १.५ त्याचा वर्ग भागिले ७. आडवा पॅराबोला, म्हणजे वर्गाच्या समीकरणाचा वाटीसारखा बाक, कुशीवर पडलेला. बुडाशी २.७ च्या आसपास, दीड उंचीवर सगळ्यात रुंद म्हणजे ३, आणि सहाच्या जरा वर टोक. हुबेहूब म्हणणार नाही, टोकाजवळ खऱ्या घुमटाला जो उलटा बाक आहे तो यात येत नाही, तिथं दुसरा तुकडा जोडा. घुमट भिंतीवर चढवायला वाय च्या जागी वाय वजा ७ लिहिलं की वर जातो, आणि वजा केल्यावर वर कसा गेला यावर भांडण होऊ द्या.

मोबाईलवर डेसमॉस फुकट आहे, तसलंच जिओजिब्राही आहे, ते तर ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी स्वतःच्या प्रबंधासाठी २००१ च्या सुमारास सुरू केलेलं. नेट नसलं तर ग्राफ पेपर कुठं गेला नाही. एक धोका, फोटो टाकला की हजारो समीकरणं आपोआप काढून देणारी सोय नेटवर आहे, पोरं शोधून काढतातच. म्हणून मर्यादा घाला, तीस समीकरणांच्या आत चित्र. आणि स्लायडर, म्हणजे आकडा कमीजास्त करायची पट्टी, सरकवून आकडा जुळवला तर रागवू नका, फक्त तोंडी विचारा की हा भागिलेतल्या ७ चा १४ केला तर घुमट जाड होईल का बारीक. सुंदर चित्राला मार्क देऊ नका, चित्रकलेच्या सरांचं काम त्यांना करू द्या. मार्क ह्या उत्तराला.

नववीला जमंल का, असं मघाशी मागून कुणीतरी विचारलं. जमतं की, नुसत्या सरळ रेघांचं घर आणि पतंग द्या, निर्देशक भूमिती असतेच त्यांना. वर्तुळ आणि पॅराबोलाचं अकरावीवाल्यांना. आता सगळ्यांनी मोबाईल काढा, मॉड एक्सवाली कमान टाका, आणि २ च्या जागी ० केलं की टोक कुठं जातं ते मला सांगा.