हवालदार आरवला नाही

नमस्कार, श्रोतेहो.

आज मी एका कोंबड्याबद्दल बोलणार आहे. हसू आलं तर खुशाल हसा, मला इथून दिसणार नाही. तो गेला त्या दिवशी मी कामावर गेले नाही आणि कारण विचारलं तेव्हा डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. कुत्रा गेला असता तर खरं ते सांगून टाकलं असतं. कोंबडा गेला म्हणून रडू आवरत नाही, हे सांगायला मात्र जीभ रेटेना.

त्याचं नाव हवालदार. पिल्लू आणलं तेव्हा ती कोंबडी आहे अशी आमची समजूत होती, म्हणून नाव राणी ठेवलं होतं. काही महिन्यांनी राणीने एका पहाटे मान ताणली आणि गंजलेलं दार उघडावं तसा आवाज काढला. बारसं पुन्हा करावं लागलं. हवालदार अशासाठी, की दिवसभर त्याची गस्त चालायची. आकाशात घार दिसली की एक बारीक, लांबट आवाज. कुंपणापाशी मांजर आलं की वेगळाच, तुटक तुटक गलका. हे माझं लाडाचं कौतुक नव्हे बरं का. वरून येणाऱ्या आणि जमिनीवरून येणाऱ्या शत्रूसाठी कोंबडे वेगवेगळे इशारे देतात, हे अभ्यासकांनी आवाज मुद्रित करून तपासलेलं आहे. घारीचा इशारा ऐकला की आमच्या कोंबड्या झुडपाखाली चिडीचूप. पुढे पुढे मीसुद्धा तो आवाज ऐकून वर बघायला लागले.

चांगला किडा सापडला तर तो स्वतः गिळायचा नाही. चोचीत उचलायचा, खाली टाकायचा, पुन्हा उचलायचा आणि टुक टुक करत कोंबड्यांना बोलवायचा. यात सगळं औदार्यच असतं असं नाही. माद्यांवर छाप पाडायची ही नरांची जुनी रीत. कधी कधी तर पायाशी काहीच नसताना बोलवायचा. लबाड होता, हेही सांगायला हवं.

आणि आरवणं. उजेड दिसला की कोंबडा आरवतो, असं आपण धरून चालतो. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलं की कोंबड्यांना चोवीस तास सारख्याच मंद उजेडात ठेवलं, तरी ते आपल्या पहाटेला आरवतातच. घड्याळ त्यांच्या अंगातच असतं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. पण झाकलं म्हणून त्याचं आरवायचंही राहत नाही, हे म्हण करणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं. हा आवाज जवळून मोजला तर १०० डेसिबलच्या वर भरतो. खुद्द कोंबडा बहिरा होत नाही, कारण चोच पूर्ण उघडली की त्याची कानाची वाट आपोआप बंद होते. शेजाऱ्यांना ही सोय नाही, त्यामुळे आमचे शेजाऱ्यांशी संबंध कसे होते ते विचारू नका.

आठव्या वर्षात होता. आता मागे वळून बघते तेव्हा सगळं दिसतं. तुऱ्याचा लाल रंग उतरला होता. भर दुपारी पिसं फुगवून, मान आत घेऊन बसायचा. दाणे टाकले की कोंबड्यांना बोलवायचा, स्वतः मात्र टिपायचा नाही. मी म्हटलं, वय झालं. डॉक्टरांनी नंतर समजावलं की पक्षी आजार लपवतात. जो अशक्त दिसतो त्याला शत्रू आधी गाठतो आणि कळपातलेही टोचायला लागतात. म्हणजे आपल्याला कळतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. हे ऐकून माझं ओझं हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही. आठ वर्षं जो माझ्यासमोर वावरला, त्याने माझ्यापासूनही लपवावं, याचंच वाईट वाटत राहिलं. (डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, बाकीच्या कोंबड्या बऱ्या आहेत ना? तो प्रश्न तुम्हीही आधी विचारा. रडणं नंतर.)

दुसऱ्या दिवशी चार वाजता जाग आली. कशाने, ते सांगता येत नाही, कारण आवाज तर झालाच नव्हता. पडून राहिले. अंगण इतकं शांत होतं की पाण्याच्या टाकीतली टपटप ऐकू येत होती.

"कोंबडाच ना, दुसरा आण," असं तीन जणांनी सांगितलं. तिघंही माझ्यावर माया करणारी माणसं. ज्या दुःखाला आजूबाजूचे लोक दुःख म्हणूनच धरत नाहीत, त्यावर केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ साली एक पुस्तकच काढलं. असं दुःख उघडपणे करता येत नाही, म्हणून ते लांबतं. चौथ्या एका मैत्रिणीने फक्त विचारलं, "त्याचं नाव हवालदारच का गं?" आणि मी अर्धा तास बोलत सुटले.

आमच्याकडे एक तरणा कोंबडाही आहे, शिपाई. दोन वर्षांत मी त्याला कधी पहिला आरवताना ऐकलं नव्हतं. त्याच नागोयाच्या संशोधकांनी २०१५ साली याचंही कारण मांडलं: कळपात आरवण्याचा पहिला मान वरच्या क्रमांकाच्या कोंबड्याचा, बाकीचे आपापल्या क्रमाने त्याच्या मागून आरवतात. आणि वरचा उचलून नेला, तर दुसरा सुरुवात करतो.

शिपाई तीन पहाटा गप्प होता. चौथ्या दिवशी, सव्वाचारला, त्याने सुरुवात केली. शेवटचा सूर मध्येच मोडला. थोडं थांबून त्याने पुन्हा काढला, पुन्हा तिथेच मोडला. मी दिवा लावला आणि दाण्यांचा डबा शोधायला उठले.