उपनगरातील स्टेडियम आणि रिकाम्या दिवसांचा हिशेब

मित्रहो, अमेरिकेत एखाद्या लहान उपनगरी शहरात स्टेडियमचा प्रस्ताव येतो, तेव्हा जनसुनावणीच्या सभागृहात सर्वांत आधी एक चित्र लावले जाते. त्या चित्रात बहुधा संध्याकाळ असते, दिवे लागलेले असतात, माणसे हसतखेळत दरवाजाकडे चाललेली असतात, आणि इतक्या माणसांना घेऊन आलेल्या गाड्या मात्र शोधूनही सापडत नाहीत. मग नागरिक एकेक करून ध्वनिक्षेपकासमोर येतात. कोणी म्हणतो, आपल्या गावाचे नाव होईल, मुलांसमोर आदर्श उभे राहतील. तर कोणी म्हणतो, सामन्याच्या दिवशी मला माझ्याच घरी पोहोचता येणार नाही. दोघांचेही बरोबर असते, परंतु दोघेही सामन्याच्या दिवसाबद्दलच बोलत असतात.

माझे म्हणणे असे आहे की हा वाद मुख्यतः उरलेल्या दिवसांबद्दल व्हायला हवा. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघाचे नियमित हंगामातील घरच्या मैदानावरील सामने वर्षाला आठ किंवा नऊ असतात. त्यांत सराव सामने, संगीताचे कार्यक्रम आणि मेळावे मिळवले, तरी वर्षातील बहुतेक दिवस फाटक बंदच राहते. कर्जाचे व्याज, पहारा, छपराची डागडुजी यांना मात्र सुट्टी नसते.

अशा सभांमध्ये अर्थशास्त्रज्ञांचा दाखला हमखास दिला जातो, आणि तो थोडा चुकीचा लावला जातो, म्हणून येथे जरा थांबू. रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिम्बलिस्ट यांनी १९९७ मध्ये संपादित केलेल्या अभ्यासातून, तसेच त्याआधी रॉबर्ट बाडे यांच्या संशोधनातून जे पुढे आले, त्याचा गाभा साधा आहे : कुटुंबाचा करमणुकीवरचा खर्च साधारण ठरलेला असतो, त्यामुळे जे पैसे तिकिटावर गेले ते त्या महिन्यात चित्रपटगृहात किंवा उपाहारगृहात जात नाहीत, आणि म्हणून संपूर्ण महानगराचा विचार केला तर स्टेडियममुळे उत्पन्नात म्हणण्यासारखी भर पडत नाही. हे खरे आहे. पण ते संपूर्ण महानगराबद्दल खरे आहे. लहान उपनगराची हद्द चार-सहा मैलांत संपते आणि प्रेक्षक बहुतांशी हद्दीबाहेरून येतात. जे पैसे एरवी शेजारच्या गावात खर्च झाले असते, ते येथे खर्च होतात आणि त्यांवरचा विक्रीकरही येथेच जमा होतो. म्हणजे उपनगराला खरोखर फायदा होऊ शकतो, मात्र तो शेजाऱ्यांच्या खिशातून. समर्थक हे उघडपणे बोलत नाहीत, कारण ते ऐकायला बरे वाटत नाही.

पण जी लहान हद्द जमेच्या बाजूला मदत करते, तीच खर्चाच्या बाजूला अंगावर येते. मोठ्या शहराचा एखादा अंदाज फसला, तर तो तोटा लाखो करदात्यांत वाटला जातो. साठ-सत्तर हजारांच्या शहरात तोच तोटा ग्रंथालयाच्या वेळा आणि अग्निशमन दलाची भरती यांपर्यंत पोहोचतो.

टेक्सासमधील आर्लिंग्टन हे समर्थकांचे आवडते उदाहरण. तेथील मतदारांनी १९९१ मध्ये अर्ध्या टक्क्याच्या जादा विक्रीकराला मान्यता दिली, १९९४ मध्ये बेसबॉलचे मैदान उभे राहिले आणि त्यासाठीचे कर्ज २००१ मध्ये, मुदतीच्या बरेच आधी फिटले. आर्लिंग्टन आकाराने मोठे उपनगर आहे, हे लक्षात ठेवूनही हे यश नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्याच संघासाठी छपराचे नवे मैदान हवे म्हणून २०१६ मध्ये पुन्हा मतदान झाले, आणि २०२० मध्ये ते सुरू झाले, तेव्हा जुन्याचे वय जेमतेम २६ वर्षे होते. घराचे कर्ज फिटल्यावर लगेच दुसरे घर घ्यावे, तशी ही गोष्ट.

ॲरिझोनातील ग्लेंडेलने आइस हॉकीसाठी बांधलेले क्रीडागृह २००३ मध्ये उघडले. २००९ मध्ये संघ दिवाळखोरीत गेला, आणि २०१३ मध्ये नगरपरिषदेने तो टिकावा म्हणून क्रीडागृहाच्या व्यवस्थापनापोटी वर्षाला दीड कोटी डॉलर देण्याचा करार ४ विरुद्ध ३ मतांनी मंजूर केला. दोन वर्षांत तो करार शहरानेच मोडीत काढला. पुढे हाच संघ त्याच महानगर परिसरातील टेम्पी शहरात जुन्या कचराभूमीवर क्रीडागृह आणि निवासी संकुल उभारण्याचा प्रस्ताव घेऊन गेला. १६ मे २०२३ रोजी टेम्पीच्या मतदारांनी त्यासंबंधीचे तिन्ही ठराव फेटाळले. ग्लेंडेल त्यांच्या डोळ्यांसमोर होतेच.

पैशापलीकडचे प्रश्नही करारातच सुटतात किंवा चिघळतात. कॅलिफोर्नियातील सांता क्लारा या सव्वा लाखाच्या आसपास वस्तीच्या शहराने २०१० मध्ये मतदानाने स्टेडियम स्वीकारले आणि २०१४ मध्ये ते उघडले. कामाच्या दिवसांत रात्री १० नंतर कार्यक्रम चालू ठेवायचा की नाही, यावरून शहर आणि स्टेडियम चालवणारे यांच्यात वर्षानुवर्षे खटके उडत राहिले. शेजारी राहणाऱ्याची झोप ही क्षुल्लक बाब नव्हे. ती लिहून घ्यावी लागते.

म्हणून सुनावणीत चित्राऐवजी कराराचा मसुदा मागावा, असे मी सुचवतो. बांधकामाचा खर्च वाढला तर वाढीव रक्कम कोणाची? पंधराव्या वर्षी छप्पर गळू लागले तर ते दुरुस्त कोण करणार? इमारत सार्वजनिक मालकीची ठेवली तर तिच्यावरचा मालमत्ता कर बहुधा सुटतो, मग शाळांच्या वाट्याची ती रक्कम कोठून येणार? आणि कर्ज फिटण्याआधी संघ गेला, तर त्याच्याकडून भरपाई घेण्याचे कलम आहे काय? तीन मिनिटांच्या भाषणात यांपैकी एकच विचारता येत असेल, तर शेवटचा विचारावा.

डेट्रॉइटजवळच्या पॉन्टिअ‍ॅक शहराने १९७५ मध्ये सुमारे साडेपाच कोटी डॉलर खर्चून सिल्व्हरडोम बांधले होते. ऐंशी हजार आसने, हवेच्या दाबावर तरंगणारे छप्पर. १९९४ च्या विश्वचषकाचे फुटबॉल सामने तेथे बंदिस्त छपराखाली, षटकोनी खोक्यांत वाढवून आणलेल्या गवतावर खेळले गेले. २००१ च्या हंगामानंतर तेथे खेळणारा अमेरिकन फुटबॉलचा संघ डेट्रॉइटला परतला. शहरावर राज्याने आर्थिक प्रशासक नेमला आणि २००९ मध्ये लिलावात संपूर्ण वास्तू ५,८३,००० डॉलरना गेली. २०१३ मध्ये छप्पर फाटले. ३ डिसेंबर २०१७ रोजी ती पाडण्यासाठी सुरुंग उडवले गेले. धूर निवळला तेव्हा वास्तू जागच्या जागी उभी होती, कारण काही सुरुंग पेटलेच नव्हते. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुंग लावून पाडावी लागली. आज त्या जागेवर मालाचे गोदाम आहे.