ओळीवरून ओळखले गेलेले कवी

[पडद्यावर: वाङ्मयेतिहासाचं एक पान. परिच्छेदभर नुसती नावं आणि स्वल्पविराम.]

'यांशिवाय या काळात पुढील कवींनीही लेखन केले.' अशा वळणाचं वाक्य आलं की समजायचं, मोठ्या कवींचं प्रकरण संपलं. आता नावांची रांग. प्रत्येकाच्या वाट्याला एखादं विशेषण: भावमधुर, प्रासादिक, गेय, हळुवार. ही विशेषणं आपसात बदलली तरी कुणाच्या ध्यानात येणार नाही. आणि सगळ्यांना मिळून एकच शब्द: दुय्यम. कुणी गौण म्हणतं, कुणी किरकोळ.

या शब्दांतून कवी कितव्या रांगेत बसला होता ते कळतं. त्याने पाहिलं काय, हे कळत नाही.

इसवी सन ९०० च्या सुमारास कनौजच्या प्रतिहार राजांच्या आश्रयाला असलेल्या राजशेखराने 'काव्यमीमांसा' लिहिली. तीत कवीच्या दहा अवस्था आहेत. मनातल्या मनात रचतो आणि लपवून ठेवतो, तो हृदयकवी. लोक दोष काढतील या धास्तीने आपलीच कविता दुसऱ्याची म्हणून ऐकवतो, तो अन्यापदेशी. किती नेमकं पाहिलंय या माणसाने! पुढे येतो घटमान. हा सुटी कविता निर्दोष रचतो, पण सलग प्रबंध बांधत नाही. त्याच्या वरची पायरी महाकवीची. उतरंड इथेही आहे. पण प्रत्येक पायरीवर तो कवी काय करतो, हे सांगितलेलं आहे.

इंग्रजी कवी टी. एस. एलियटने १९४४ साली 'लहान' कविता म्हणजे काय, या प्रश्नावर भाषण केलं, तेव्हा तोही असाच काहीसा मुद्दा मांडत होता. थोर कवीची एक कविता पुरती उमगायला त्याचं सगळं काव्य वाचावं लागतं. लहान कवीच्या निवडक कविता स्वतःच्या पायावर उभ्या राहतात. 'लहान' म्हणण्यातला कमीपणा त्याला काढून टाकायचा होता.

[पडद्यावर: तांबडी माती. पावसाचे पहिले थेंब.]

तमिळ संग्रहकारांनी तर वेगळीच वाट काढली. 'कुरुंतोगै' या प्राचीन प्रेमकवितांच्या संग्रहात चाळिसावी कविता आहे. प्रियकर म्हणतो, माझी आई तुझ्या आईची कोण? माझे वडील तुझ्या वडिलांचे कोण? तू आणि मी तरी एकमेकांना कुठे ओळखत होतो? तरीही तांबड्या मातीत पावसाचं पाणी मिसळावं, तशी आपली मनं मिसळून गेली. कवीचं खरं नाव हरवलेलं होतं. संग्रहकारांनी त्याला त्याच्याच प्रतिमेचं नाव दिलं: सेम्पुलप्पेयनीरार. तांबड्या मातीतल्या पाऊसपाण्याचा कवी. त्याच संग्रहात असे आणखीही कवी आहेत.

संस्कृत सुभाषितसंग्रहांत असाच एक निद्रादरिद्र भेटतो. त्याच्या श्लोकात रुसलेली प्रिया स्वप्नात येते. 'हात लावू नकोस' म्हणत रडत निघून जायला लागते. तिला जवळ घेऊन चार गोड शब्द बोलावेत, तेवढ्यात, मित्रा, त्या लबाड दैवाने मला झोपेचा दरिद्री करून टाकलं! जाग आली, एवढंच सांगायचं होतं. पण त्या एका शब्दाने कवीला नाव मिळालं, आणि ते टिकलं.

[पडद्यावर: कळकाचं मोडकं दार.]

मराठीत कवी दत्त आहेत. दत्तात्रेय कोंडो घाटे. जन्म १८७५, मृत्यू १८९९. पंचविशीसुद्धा पुरी झाली नाही. त्यांच्या नावापुढे 'अकाली निधन पावलेले' लिहिलं जातं. ते खरं आहे, पण त्यात कविता कुठे आली? 'नीज नीज माझ्या बाळा' ही त्यांची अंगाई ऐका. चंद्र आणि चिऊकाऊ दाखवून हे बाळ झोपत नाही. आई त्याला पडकं घर दाखवते. कळकाचं जीर्ण दार करकरतंय, आणि ती सांगते की ते कण्हतंय, आपलं दारिद्र्य लोकांना सांगतंय. अंगाईत असं दार वाजवणारा कवी दुय्यम म्हणून कसा ओळखता येईल?

त्या तमिळ संग्रहकारांच्या हाती ही कविता पडली असती, आणि दत्त हे नाव पुसलं गेलं असतं, तर त्यांनी क्षणाचाही विचार न करता लिहिलं असतं: करकरत्या दाराचा कवी.