गुलमोहराचं माहेर

(साताऱ्यातल्या एका वाचनालयात एप्रिलअखेरीस झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पोवई नाक्यावरून चालतच आलो. गुलमोहर अजून पुरता पेटलेला नाही, पण शेंड्याला लाली चढलीय. चार-सहा दिवसांत १ मे येईल आणि आपल्याकडे गुलमोहर दिन साजरा होईल. चित्रकार कागद-रंग घेऊन झाडाखाली बसतील, कविता म्हटल्या जातील. एखाद्या झाडाच्या बहराचा सण करणारं दुसरं गाव मला तरी माहीत नाही. मला त्याचं कौतुक आहे, आणि म्हणूनच आज त्यात मी एक मिठाचा खडा टाकणार आहे.

येताना हे एक फूल उचललं. मागच्यांना दिसत नसेल, पण तुम्हाला ते पाठच आहे. पाच पाकळ्या. चार लालभडक आणि पाचवी जरा मोठी, पांढुरकी, तिच्यावर लाल-पिवळ्या रेघोट्या. लहानपणी आपण हीच पाकळी शोधून खायचो, आंबट लागते म्हणून. फुलाच्या बुडाची आतून लाल असलेली जाड दलं नखांवर चिकटवायची आणि आईला घाबरवायचं. पुंकेसरांच्या टोपीत टोपी अडकवून कोंबड्यांची झुंज लावायची. ज्याची टोपी तुटेल तो हरला. इतकं आपलं झाड आहे हे. पण त्याचं माहेर कुठलं, असं विचारलं तर वर्गातली निम्मी मुलं महाबळेश्वर सांगतात. एकानं तर ‘राजस्थान’ सांगितलं होतं.

माहेर मादागास्कर. आफ्रिकेच्या पूर्वेला, हिंदी महासागरात, महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आकाराचं बेट. साधारण पावणेनऊ कोटी वर्षांपूर्वी ते आणि आपला भूभाग एकमेकांना चिकटलेले होते. म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ लाव्ह्यातून तयार व्हायच्याही आधीची ही गोष्ट. मग ताटातूट झाली. आपण उत्तरेला जाऊन आशियाला धडकलो, ते मात्र समुद्रात एकटं राहिलं. इतका काळ एकटं राहिल्यावर जे होतं तेच तिथे झालं: तिथल्या दर दहा वनस्पतींपैकी आठांहून जास्त जगात दुसरीकडे कुठेच आपणहून उगवत नाहीत.

बोयेर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला १८२०च्या दशकात तिथल्या पूर्व किनाऱ्यावर गुलमोहर दिसला, पण तो माणसांनी लावलेला. तिथून मॉरिशस आणि मॉरिशसहून जगभर, असा त्याचा प्रवास झाला. गंमत अशी, की सगळ्या उष्ण देशांत रस्तोरस्ती गुलमोहर फुलत असताना रानातला, आपला आपण उगवलेला गुलमोहर शास्त्रज्ञांना सापडायला १९३०चं दशक उजाडावं लागलं. तो सापडला बेटाच्या पश्चिमेला, ‘त्सिंगी’ म्हणतात त्या चुनखडीच्या सुळक्यांत. सुऱ्यांची पाती उभी रोवून ठेवावीत तसा तो खडक. त्सिंगी या शब्दाचा अर्थच चवड्यांवर चालणं असा सांगतात. टाच टेकायला जागा नाही. त्या फटींत मुळं घालून, सात-आठ कोरडे महिने काढून हे झाड जगतं. तिथे ते ऑक्टोबर ते डिसेंबर फुलतं, कारण तिकडचा पावसाळा तेव्हा तोंडावर असतो. आपल्याकडे एप्रिल-मे. घर बदललं तरी पाऊस यायच्या आधी नटायची सवय त्यानं सोडलेली नाही.

हे झाड एकटं आलेलं नाही बरं का. तुमच्या अंगणातली सदाफुली मादागास्करची. तिच्यातून निघालेली औषधं लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरतात. पुस्तकात पान ठेवलं की कोंब फुटणारी पानफुटी तिथलीच. मंगल कार्यालयात नवरा-नवरीच्या खुर्च्यांमागे कुंड्या असतात ना, तो अरेका पामही. हायवेच्या हॉटेलांच्या दारात पंख्यासारखा पसरलेला ट्रॅव्हलर्स पाम असतो, तो खरं तर पामच नव्हे, पण तोही त्याच गावचा.

आता माहेरची हालहवाल. १९५०च्या दशकापासून २०१४पर्यंत मादागास्करनं आपल्या नैसर्गिक जंगलापैकी सुमारे ४४ टक्के गमावलं. कारणं तुम्हाला ओळखीची वाटतील. ‘तावी’ म्हणजे जंगल तोडून, जाळून त्या राखेत भात पेरायचा. आपल्याकडे त्यालाच कुमरी म्हणायचे. दोन-तीन पिकांनंतर जमीन थकते, मग पुढचा तुकडा. पश्चिमेला गुरांच्या कोवळ्या चाऱ्यासाठी गवत पेटवतात आणि आग जंगलात शिरते. वणवा काय असतो ते यवतेश्वरच्या घाटाखाली राहणाऱ्यांना मी काय सांगू! शहरांत स्वयंपाक कोळशावर होतो, तो कोळसाही जंगलातूनच येतो. आणि रोझवुड, म्हणजे आपल्या शिसवाचे भाऊबंद. २००९मध्ये तिथे सरकार उलथलं आणि मासोआला, मारोजेजी या राखीव रानांत दिवसाढवळ्या कुऱ्हाडी चालल्या. त्या शेतकऱ्याला शिव्या द्यायला माझी जीभ रेटत नाही. पोट त्याचं आहे. रोझवुडच्या ओंडक्यांचा व्यापार ही मात्र पोटाची गोष्ट नव्हे.

तिथल्या सुमारे १९० जातींच्या पामांपैकी ८३ टक्के धोक्यात आहेत, असा हिशोब २०१२मध्ये निघाला. लेमूर हा माकडांचा दूरचा नातलग फक्त तिथेच राहतो. २०२०च्या पाहणीत त्याच्या १०७ जातींपैकी १०३ धोक्याच्या यादीत होत्या.

कुणी म्हणेल, गुलमोहर तर लाखोंनी आहे, मग चिंता कसली? गुलमोहरालाही एकदा धोक्याच्या यादीत घातलं होतं, नंतर काढलं. जात म्हणून तो सुखरूप आहे, हे मान्य. पण ट्रॅव्हलर्स पामचं बघा. त्याची फुलं जाड, टणक आवरणात असतात. पाखराच्या चोचीनं ती उघडत नाहीत. काळा-पांढरा झुबकेदार लेमूर येतो, दोन्ही हातांनी आवरण फाकवतो, मधासाठी लांब थोबाड आत खुपसतो आणि गळ्याच्या केसांना पराग माखून पुढच्या झाडावर जातो. मधमाशीचं काम करणारं चांगलं तीन-साडेतीन किलोंचं जनावर! तो लेमूर आज अतिधोक्यात आहे. आपल्या हॉटेलच्या दारातलं झाड दिसायला तेच, पण त्याच्याकडे येणारं कुणी नाही. सासर कितीही श्रीमंत असो, अशा लेकीला आपण काय म्हणतो?

मॉरिशसच्या क्युरपीप गावच्या बागेत तर एका पामाचं अख्ख्या जगात एकच झाड उरलंय. त्याची नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या वेळी उमलतात, त्यामुळे त्याचं स्वतःचं स्वतःशीही जमत नाही. भोवती कुंपण आहे, निगा राखणारी माणसं आहेत, सगळं आहे.

माझाही एक गुन्हा कबूल करतो. नोकरीत असताना मुलांना घेऊन एका माळावर मी दोनशे गुलमोहर लावले. भराभर वाढतात, फोटोत छान येतात. लाकूड मात्र ठिसूळ. एका वळवाच्या पावसात फांदी मोडली आणि एका गृहस्थांच्या नव्या मोटारसायकलीवर पडली. त्यांनी मला जे ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. पण खरी चुटपूट वेगळी आहे. फेब्रुवारीत सकाळी सातला फुललेल्या पांगाऱ्याखाली उभं राहा. साळुंक्या, कोतवाल, बुलबुल, नुसता बाजार भरलेला असतो. माझ्या गुलमोहरांवर एखादा शिंजीर यायचा, दोन फुलांत चोच घालून निघून जायचा. तो माळ मी लाल केला, पण मुका ठेवला. आज लावायचे झाले तर मी पांगारा, पळस, करंज लावीन. असलेले गुलमोहर तोडा असं मात्र मुळीच म्हणत नाही. कृपा करून उद्याच्या पेपरात तसं छापू नका.

मागून एक काका विचारतायत, तिथले लोक काहीच करत नाहीत का? करतात. काही रानांना ‘फादी’ असते, म्हणजे तिथे तोडायचं नाही, मारायचं नाही असा वाडवडिलांचा नेम. आपली देवराईच म्हणा. पण फादी उलटीही फिरते. आय-आय नावाचा निशाचर लेमूर आहे. तो खोडावर बोटानं टकटक करून आतली अळी हेरतो आणि काडीसारख्या मधल्या बोटानं बाहेर ओढतो. काही गावांत तो दिसणं अपशकुन समजतात आणि बिचाऱ्याला मारतात. आपण घुबडाचं काय करतो?

शेवटची एक गोष्ट. मादागास्करच्या ओढ्यांत एक पाणवनस्पती आहे. तिच्या पानात नुसत्या शिरा असतात, मधला भाग नाहीच, जणू जाळीची लेस. मत्स्यालयवाल्यांनी तिला जगभर नेलं. तिची एक चुलत बहीण आपल्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळांवर आहे, वायतुरा. १९८२मध्ये तिचं शास्त्रीय नाव ठेवलं गेलं आणि त्या नावात सातारा आहे. सह्याद्रीच्या मोजक्या सड्यांखेरीज ती कुठेही नाही, आणि तीही धोक्याच्या यादीत आहे. खाली शेती आणि घरं, वर जांभा दगडाचा सडा. पाणी नसलेलं बेटच ते. ऑगस्टमध्ये कासला जाल तेव्हा तेरड्याच्या गालिच्याचे फोटो काढून झाले की कातळावरच्या उथळ डबक्यांकडे वळा. पाण्यातून वर आलेला, इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला गुलाबी-जांभळट तुरा दिसेल. उकिडवं बसा. पाण्यात पाय घालू नका, कंद चिखलातच असतो.