नंबर कुठे लागणार?

नमस्कार श्रोतेहो.

फेब्रुवारी सरत आला की इंग्लंडमधल्या ज्या घरांत दहा-अकरा वर्षांचे मूल आहे, त्या घरांत जेवताना, गाडीत, फोनवर एकच विषय निघतो. मुलाची प्राथमिक शाळा जुलैत संपणार असते, सप्टेंबरपासून त्याला माध्यमिक शाळेत, म्हणजे इथल्या बोलीत ‘इयर सेव्हन’मध्ये जायचे असते, आणि ती शाळा कोणती हे १ मार्चपर्यंत कळणार नसते. १ मार्च सुट्टीच्या दिवशी आला, तर त्यापुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत थांबावे लागते. लंडनमध्ये निकालाचा ईमेल संध्याकाळी पाचनंतर येतो. त्या वेळी पुण्यात रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले असतात, तरीही आजी जागी असते आणि “लागला का गं नंबर?” असे विचारल्याशिवाय झोपत नाही. ३१ ऑक्टोबरला अर्ज भरण्याची मुदत संपते, तेव्हापासून चार महिने आईवडील देव पाण्यात घालून बसलेले असतात.

निवृत्तीनंतर काही वर्षे मी प्रवेशासंबंधीच्या अपील पॅनेलवर विनावेतन काम केले, आणि त्याआधीपासून ओळखीतल्या मराठी कुटुंबांचे हे चार महिने पाहत आले आहे. त्यावरून माझे असे मत झाले आहे की, बहुतेक पालकांना शाळेपेक्षा आपण भरलेल्या फॉर्मचीच काळजी अधिक असते. पहिल्या क्रमांकावर अवघड शाळा टाकली म्हणून दुसरीही हातची गेली असेल का, घराजवळची शाळा तिसरी लिहिली याचा त्या शाळेला राग आला असेल का, एकच शाळा लिहिली असती तर काउन्सिलला, म्हणजे स्थानिक प्रशासनाला, ती द्यावीच लागली असती का, असे प्रश्न रात्री उशिरापर्यंत चालतात. यातली जवळजवळ प्रत्येक भीती निराधार आहे, आणि ती का निराधार आहे, हे आज थोडे सविस्तर सांगायचे आहे.

या भीतीचा उगम आपल्यापुरता तरी शोधता येतो. आपल्यापैकी बरेच जण मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर किंवा अमरावतीच्या अकरावी ऑनलाइन प्रवेशाचे किस्से ऐकून आलेले आहेत. २०२५ पासून तर ती प्रक्रिया साऱ्या महाराष्ट्राला लागू झाली आहे. तिथे पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडतो. त्यामुळे पसंतीक्रम म्हणजे बुद्धिबळाची खेळी, ती जपून करायची, ही समजूत आपल्या हाडीमाशी मुरलेली आहे. त्यात इथला जुना शेजारी सल्ला देतो की, पहिली पसंती विचार करून द्या, कारण शाळा आधी पहिल्या पसंतीवाल्यांनाच घेतात. एके काळी काही भागांत खरोखर तसे होतही असे. परंतु २००७ च्या प्रवेश-संहितेने तो प्रकार बंद केला, आणि शेजाऱ्याचा सल्ला मात्र त्यानंतरही चालूच राहिला.

आज घडते ते असे. तुम्ही अर्ज ज्या भागात राहता तिथल्या काउन्सिलकडे करता. लंडनमध्ये सहा शाळा लिहिता येतात, इतरत्र किमान तीन. प्रत्येक शाळेला अर्ज आल्याचे कळते, पण तुम्ही तिला कितव्या क्रमांकावर ठेवले आहे हे कळत नाही. शाळेच्या जाहीर नियमांनुसार सगळ्या अर्जदारांची क्रमवार यादी तयार होते. मग काउन्सिल या याद्या एकमेकींशी ताडून पाहते. तुमच्या मुलीचे नाव दुसऱ्या आणि चौथ्या पसंतीच्या शाळांमध्ये बसत असेल, तर तिच्यासाठी दुसरी शाळा राखली जाते आणि चौथीतली जागा तिथल्या यादीतल्या पुढच्या मुलाकडे जाते. त्या मुलाकडे आधी एखादी खालची शाळा असेल तर ती सुटते, ती आणखी कोणाला मिळते, आणि कोणाचेच नाव हलेनासे होईपर्यंत हे चालू राहते. लंडनमध्ये मुले एका बरोची, म्हणजे शहराच्या एका प्रशासकीय विभागाची, हद्द ओलांडून सर्रास दुसऱ्या बरोत शिकायला जातात, म्हणून तिथे सगळ्या बरोंमध्ये माहितीची अशी देवघेव अनेक फेऱ्यांत होते. या पद्धतीमागचे गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ साली मांडले होते, आणि शॅप्ली यांना ॲल्विन रॉथ यांच्यासोबत २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच विषयातल्या कामासाठी.

याचा अर्थ असा की, पहिल्या क्रमांकावर हात न पोहोचणारी शाळा लिहिल्याने दुसऱ्या क्रमांकावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. जी शाळा मनापासून हवी ती पहिली, हाच योग्य क्रम. चूक होऊ शकते ती दुसरीकडेच: यादीत हमखास मिळेल अशी एकही शाळा न लिहिणे. एकच शाळा लिहून काउन्सिलला कोंडीत पकडता येईल असे समजणारे पालक दर वर्षी निघतात. त्या शाळेच्या यादीत नाव बसले नाही, तर बाकी सर्वांचे वाटप झाल्यावर जिथे जागा उरली असेल अशी शाळा त्यांच्या वाट्याला येते, आणि ती शाळा का उरली हे सांगायला नकोच.

मग शाळेच्या यादीत नाव वर कशाने येते? आपल्याकडच्या पालकांना हे पचायला जड जाते, पण बहुसंख्य सरकारी माध्यमिक शाळा गुण पाहतच नाहीत. प्राथमिक शाळेतल्या शेवटच्या ‘सॅट्स’ परीक्षा मे महिन्यात होतात, म्हणजे शाळा जाहीर झाल्यावर दोन महिन्यांनी. तेव्हा त्या परीक्षेत नापास झाल्यास जागा जाईल, ही धमकी मुलाला देणाऱ्या वडिलांनी ती कृपया मागे घ्यावी. विशेष गरजांच्या शैक्षणिक आराखड्यात शाळेचे नाव नोंदले असेल, तर त्या मुलाला प्रवेश द्यावाच लागतो. उरलेल्या जागांवर पहिला अधिकार काउन्सिलच्या देखरेखीखाली वाढणाऱ्या मुलांचा असतो, आणि तो योग्यच आहे. नंतर बहुधा आधीच त्या शाळेत शिकत असलेल्यांची भावंडे येतात, आणि मग येते अंतर. धार्मिक शाळांचे निकष वेगळे असतात, काही शाळा ठरावीक विषयाकडे कल असलेल्या मुलांसाठी थोड्या जागा राखतात, पण सर्वसाधारण शाळेत निकाल लागतो तो अंतरावर.

हे अंतर बऱ्याच ठिकाणी घरापासून शाळेपर्यंत सरळ रेषेत मोजतात, काही ठिकाणी चालण्याच्या जवळच्या वाटेने. गेल्या वर्षी शेवटचे मूल किती अंतरावरून आत आले, तो आकडा काउन्सिल मैलाच्या दशांश अपूर्णांकात छापते. माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांनी नकाशावर आपल्या घराचे पुढचे दार, मागचे दार आणि शाळेची तिन्ही फाटके यांच्यामधली अंतरे काढून एक तक्ता केला होता आणि तो फ्रिजवर चिकटवला होता. कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत मोजायचे हे काउन्सिलच्या नियमात लिहिलेले असते, त्यामुळे त्या तक्त्याचा उपयोग शून्य होता. शिवाय ज्या वर्षी भावंडे जास्त येतात, त्या वर्षी हे वर्तुळ आपोआप आक्रसते, ते कोणालाही आधी सांगता येत नाही. एकाच इमारतीतल्या दोन सदनिकांचे अंतर सारखे भरले, तर चिठ्ठी टाकून निवड होते.

अंतराचा हा नियम दिसायला निःपक्षपाती आहे, प्रत्यक्षात मात्र तो भाड्याच्या आकड्यावर मुलांची निवड करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. नावाजलेल्या शाळेच्या आसपासची घरे महाग होतात आणि ज्याला ती परवडतात त्याचे मूल आपोआप ‘जवळचे’ ठरते. आपली कितीतरी कुटुंबे व्हिसावर येतात, पहिली दोन वर्षे मिळेल तिथे राहतात, आणि मूल पाचवीत गेले की शाळेसाठी घर बदलतात. ब्रायटन शहराने यावर उपाय म्हणून कॅचमेंटमध्ये, म्हणजे शाळेसाठी ठरवून दिलेल्या परिसरात, सोडत पद्धत आणली. २००८ साली पहिली मुले त्या सोडतीने गेली. तिच्यावर तेव्हा झालेला गदारोळ पाहता अंतराचे राज्य इतक्यात संपेल असे दिसत नाही.

ग्रामर शाळांविषयी, म्हणजे प्रवेशपरीक्षा घेऊन मुले निवडणाऱ्या सरकारी शाळांविषयी, थोडक्यात सांगते, कारण स्लाव, सटन, केंट, बकिंगहॅमशायर या भागांतल्या मराठी घरांत ‘इलेव्हन प्लस’ हा त्या परीक्षेचा शब्द मूल तिसरीत असल्यापासून ऐकू येतो. इंग्लंडमध्ये अशा १६३ सरकारी शाळा उरल्या आहेत आणि १९९८ च्या कायद्याने नव्या काढण्यास बंदी आहे. परीक्षा बहुधा सप्टेंबरमध्ये होते, निकाल ऑक्टोबरमध्ये, अर्जाच्या मुदतीआधी येतो. बकिंगहॅमशायरमध्ये १२१ गुण मिळाले की मूल पात्र ठरते. पात्र ठरणे आणि प्रवेश मिळणे यांत मात्र अंतर आहे, आणि इथेही ते पुष्कळदा मैलांतच मोजले जाते. ऑक्टोबरमध्ये पेढे वाटून झालेल्या घरात मार्चमध्ये सुतकी चेहरे दिसतात, त्याचे कारण बहुधा हेच असते.

आता त्या संध्याकाळकडे येऊ. देशभरात पाचांपैकी साधारण चार मुलांना पहिल्या पसंतीची शाळा मिळते. लंडनमध्ये हे प्रमाण बरेच कमी असते, कारण तिथे शाळा जवळजवळ आहेत आणि एकाच शाळेवर अनेकांची नजर असते. तेव्हा दुसरी किंवा तिसरी शाळा आली तर तुमच्यावर काही विशेष अन्याय झालेला नाही. पहिली विनंती अशी की, ईमेल आधी एकट्याने उघडा, आणि मुलाला सांगण्यापूर्वी चेहरा सावरा. दुसऱ्या दिवशी वर्गात “तुला कुठली?” हा प्रश्न त्याला तीस वेळा विचारला जाणार आहे, आणि त्याने द्यायचे उत्तर तो तुमच्या आवाजावरून शिकणार आहे.

दुसरी गोष्ट अशी की, मिळालेली शाळा नको असली तरी ती स्वीकारा. लंडनमध्ये त्यासाठी साधारण १५ मार्चपर्यंत मुदत असते. शाळा स्वीकारल्याने वेटिंग लिस्टवरचे स्थान किंवा अपिलाचा हक्क जात नाही. नाकारल्याने मात्र हातात काहीच राहत नाही, आणि काउन्सिल दुसरी शाळा देण्यास बांधील राहीलच असे नाही. नाराजी दाखवण्यासाठी नकार देणाऱ्यांना मी अपिलाच्या खोलीत पाहिले आहे, आणि त्या नकाराने त्यांच्या बाजूला काडीचेही बळ आलेले पाहिलेले नाही.

वेटिंग लिस्ट हा शब्द ऐकला की आपल्याला रेल्वेचे तिकीट आठवते, जिथे वेटिंग बारा असलेले उद्या आठ होते आणि कधीच पंधरा होत नाही. इथे ते पंधरा होऊ शकते. यादी अर्जाच्या तारखेवर नसून त्याच प्रवेशनियमांवर लावलेली असते, त्यामुळे एप्रिलमध्ये एखादे कुटुंब शाळेच्या शेजारच्या गल्लीत राहायला आले, तर ते तुमच्या वर जाते. कायद्याने ही यादी किमान ३१ डिसेंबरपर्यंत चालू ठेवावी लागते. जागा सुटतात त्या खासगी शाळेत जाणाऱ्यांच्या, गाव सोडणाऱ्यांच्या, आणि स्वतः दुसऱ्या वेटिंग लिस्टवरून वर सरकलेल्यांच्या.

अपिलासाठी निकालानंतर किमान वीस शालेय दिवस मिळतात. सुनावणी शाळेपासून आणि काउन्सिलपासून स्वतंत्र असलेल्या, निदान तीन सदस्यांच्या पॅनेलपुढे होते. प्रवेशाचे नियम नीट पाळले गेले का आणि आणखी एक मूल घेतल्याने शाळेची खरोखर अडचण होईल का, हे ते आधी पाहते. मग ती अडचण एका पारड्यात आणि तुमच्या मुलाची गरज दुसऱ्या पारड्यात ठेवते. बहुतेक अपिले फेटाळली जातात, हे मोकळेपणाने सांगते. आपले पालक येतात ते जाड फाइल घेऊन: अबॅकसची प्रमाणपत्रे, कराटेचे पट्टे, गणिताच्या स्पर्धेतली पदके, सगळे प्लास्टिकच्या पाकिटांत. मूल हुशार आहे हे त्यातून सिद्ध होते, पण याच शाळेत गेले नाही तर त्याचे काय अडेल, हे होत नाही. मला आठवते ती एक आई, जिने एकच कागद आणला होता. मुलाच्या कानाच्या विकारावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांचे पत्र होते ते, आणि मोठ्या गोंगाटाच्या वर्गात त्याला काय ऐकू येत नाही आणि या शाळेत त्यासाठी कोणती सोय आहे, एवढेच त्यात लिहिले होते. मिळालेल्या शाळेबद्दल तिने एकही वाईट शब्द उच्चारला नाही. तुम्हीही उच्चारू नका. पॅनेलला त्या शाळेचा न्याय करण्याचा अधिकारच नसतो.

आणि एक व्यावहारिक सूचना. वेटिंग लिस्टवरून बोलावणे येते ते पुष्कळदा जुलै-ऑगस्टमध्ये, तुम्ही सुट्टीसाठी नाशिकला किंवा कोल्हापूरला गेलेले असताना. उत्तर द्यायला थोडेच दिवस मिळतात. अर्जात दिलेला ईमेल तिकडेही रोज पाहा, स्पॅमसकट. फोन नंबर बदलला असेल तर जाण्यापूर्वी काउन्सिलला कळवा. आणि वेटिंग लिस्टवर नाव असेल, तर शाळेचे बोधचिन्ह असलेला महागडा ब्लेझर जूनमध्ये घेऊन ठेवू नका. साधी काळी पँट आणि पांढरा शर्ट बहुतेक शाळांना चालतो.

नमस्कार.