दसऱ्याशिवाय फौज हलत नाही

हे व्हिडिओत टेबलावर दिसतंय ना, तो आमच्या वॉरगेम क्लबचा, म्हणजे छोटी फौज मांडून जुन्या लढाया खेळणाऱ्यांचा, बेळगावचा किल्ला. तट थर्माकोलचा, खंदकाला निळा रंग आणि वरून फेविकॉलचे तीन हात, म्हणून पाणी असं चकाकतंय. लहानपणी दिवाळीला गल्लीत मातीचे किल्ले केले तेच हात आहेत हे, फक्त आता बुरुज इंचटेपनं मोजून होतो.

काळ १४७२ च्या सुमाराचा. गोव्याच्या बंदरातून अरबी घोडे दख्खनेत यायचे, ते बंदर बहमनींनी घेतलं, विजयनगरला परत पाहिजे होतं, त्यांच्या सांगण्यावरून बेळगावचा राजा उठला आणि बहमनी वजीर महमूद गवान फौज घेऊन इथं आला. सगळ्यांना हा वेढाच खेळायचा असतो. पण आमचं कॅम्पेन, म्हणजे वेढ्याआधीची सगळी मोहीम, सुरू होतं ते या वहीत.

जरा जवळून बघा. एक टर्न म्हणजे एक महिना. कोणाची फौज कुठं आहे ते फक्त अंपायरला माहीत, बाकीच्यांनी चिठ्ठी लिहून द्यायची. इथं लिहिलंय, घोडे ४००, चंदी (घोड्यांचं धान्य) ११ दिवसांची, वैरण नाही. ही एवढी एक ओळ, आणि तिच्यापायी एका सरदाराला गोव्याकडचा चोर्ल्याचा घाट न उतरता माघारी फिरावं लागलं, एकही फासा न टाकता!

आषाढ-श्रावणात तर फौज हलवायचीच नाही, छावणीत बसून धान्य खायचं. नवीन पोरं वैतागतात, म्हणतात हा काय गेम झाला. त्यांना क्लबातले काका एवढंच म्हणतात, "कुठं निघालास रे, पाऊस लागलाय की!" बेळगावजवळच्या खानापूरचा पाऊस बघितलेल्याला आणखी काय सांगायचं. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की मग हलायचं, खरी लढाई ही वाट बघण्यातच आहे असं मला मनापासून वाटतं.

हा खेळातला घोडा बोटाच्या पेरापेक्षा थोडाच मोठा. ब्रशचं टोक जिभेनं ओलं करायचं नाही हं, पाण्यानंच. लगामाची रेघ ओढताना काका श्वास धरतात, बघा.

गवाननं तटाखाली सुरुंग लावले होते, आम्हीही खेळात लावले. तट पडला, राजा शरण आला. पुढच्याच महिन्यात आम्हाला खेळायचा हॉल सोडावा लागला, टेबल आता एका मेंबरच्या माळ्यावर आहे.

आणि ही वही. पुढचं पान आखून झालंय, वर लिहिलंय, आश्विन.