दोन इंच दाब

(अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं संपादित केलं आहे.)

नमस्कार मंडळी.

मला इथे माइकसमोर उभं केलंय त्यात चूक तुमच्या कार्यकारिणीची आहे, हे आधीच सांगून ठेवते. मी लेकीकडे चार महिन्यांसाठी आलेय. मागच्या रविवारी तिच्याबरोबर तुमच्या मराठी शाळेत गेले, तर मागच्या बाकांवर पालकांची सभा चाललेली. विषय काय, तर रविवारच्या शाळेला गणवेश असावा का. एक गृहस्थ म्हणाले, शिस्त येते. एक बाई म्हणाल्या, अहो, त्या शिस्तीतून सुटून तर इथे आलो! तेवढ्यात माझ्या लेकीने सांगून टाकलं, आमच्या आईने ठाण्यात अडतीस वर्षं शाळेचे गणवेश शिवलेत. झालं. नारळ फुटला माझ्या डोक्यावर.

तर पहिल्यांदा माझा स्वार्थ कबूल करते. गोखले रोडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं. दुकान कसलं, दोन मशिनं, एक कटिंगचं टेबल आणि पोटमाळ्यावर कापडाचे ताके. दोन मुलांची शिक्षणं त्यावर झाली. एप्रिल ते जून घरात वरण-भाताखेरीज काही शिजायचं नाही, इतकं काम. तेव्हा मी गणवेशाच्या बाजूने बोलणार हे धरूनच चाला.

पण गणवेशाबद्दल एक गोष्ट सगळे छातीठोकपणे सांगतात, ती मला कधीच पटली नाही. म्हणे, गणवेशात गरीब-श्रीमंत कळत नाही. अहो, ज्याने शिवलाय त्याला विचारा.

आमच्या धंद्यात ‘दाब’ म्हणतात. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतो, तो दाब. तयार कपड्याला तो जेमतेम पाव-अर्धा इंच असतो. माझ्याकडे गिऱ्हाईक यायचं ते दाबासाठी. आई पोरीला पुढे ढकलायची आणि म्हणायची, “ताई, वाढत्या अंगाचा शिवा.” मग बाजूला इंच-इंच आणि खालच्या मुडपीला तीन-चार इंच कापड. पहिल्या जूनमध्ये पोर ‘अंगापेक्षा बोंगा मोठा’ अशी दिसायची, दुसऱ्या जूनमध्ये बरोबर बसायचा, तिसऱ्या जूनमध्ये पुन्हा माझ्याकडे.

कळव्याहून एक बाई यायच्या, तीन घरची धुणीभांडी करणाऱ्या. त्यांच्या मुलीचा नेव्ही ब्लू पिनोफोर मी दोनदा खाली सोडून दिला. मुडप सोडली की आधीची घडी जिथे होती तिथे पांढुरकी रेघ राहते. रेघेच्या वरचं कापड उन्हाने विटलेलं, खालचं नवंकोरं. कितीही इस्त्री करा, व्हिनेगरचं पाणी लावा, रेघ जात नाही. एक रेघ म्हणजे दुसरं वर्ष, दोन रेघा म्हणजे तिसरं. आणि वर्गातल्या पोरी मोजायच्या! एकदा त्या मुलीने आईला न सांगता निळ्या बॉलपेनने ती रेघ रंगवली. सगळा घेर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दुसऱ्या दिवशी कळवा नाक्यापासून भिजत गेली आणि शाई पांढऱ्या मोज्यांपर्यंत उतरली. ते मोजे तिची आई माझ्याकडे घेऊन आली होती, डाग काढायला काय लावू म्हणून विचारायला.

त्यानंतर मी जादा कापड खाली ठेवणं कमी केलं. कमरेपाशी, बरोबर बेल्ट येतो तिथे, आतून आडवी चून, म्हणजे दुमडून शिवलेली घडी, घालायला लागले. चून उसवली की रेघ बेल्टखाली. शाळांनी बेल्ट सक्तीचा कशासाठी केला देव जाणे, मला मात्र तो फार कामाला आला.

आणि वाढदिवस. तुमच्यापैकी कितीजणांना आठवतं, वाढदिवसाला रंगीत कपडे घालायची परवानगी असायची? सगळा वर्ग निळा-पांढरा आणि मधोमध एकच झगझगीत फ्रॉक, हातात चॉकलेटची पिशवी. ज्या मुलाकडे धड रंगीत कपडा नसायचा ते त्या दिवशी गप्प गणवेशात यायचं. वाढदिवस कुणाला सांगायचंच नाही. गणवेशाने वर्षभर जे झाकलं ते त्या एका दिवशी उघडं पडायचं.

मग गणवेश कशाला, असं विचाराल. तर त्याच कळव्याच्या बाईंमुळे. त्या एकदा म्हणाल्या, सकाळी सहाला घर सोडते, पोरीने काय घालावं हा विचार करायला लागला नाही यातच माझं अर्धं काम झालं. आणि दुसरं म्हणजे, कितीतरी पोरांच्या अंगावरचा सगळ्यात चांगला कपडा गणवेशच असतो. मी लग्नाच्या पंगतीत गणवेशातली पोरं पाहिलीत, तलावपाळीला दिवाळी पहाट बघायला आलेली पाहिलीत. सगळी मुलं सारखी होतात वगैरे राहू दे. एका पोराला एक धड कपडा मिळतो आणि एका आईला सकाळी पंधरा मिनिटं मिळतात, माझ्या मते गणवेशाची बाजू एवढीच आहे, आणि ती लहान नाही.

सरकारलाही हे कळतं. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळेतल्या मुलाला दोन गणवेशांसाठी सहाशे रुपये धरलेले आहेत. म्हणजे एका गणवेशाला तीनशे, कापड, शिलाई, बटणं, सगळं त्यात. कसं बसवायचं ते मला विचारू नका. आणि दोन गणवेश ही संख्या ज्याने ठरवली त्याने ठाण्याचा जुलै बघितलेला नसावा. अंगावरचा ओला, दोरीवरचा ओला. सकाळी दमट शर्टावर इस्त्री फिरवली की जो वास येतो तो माझ्या पिढीतल्या कुणालाही डोळे मिटून ओळखता येईल.

२०२३ मध्ये राज्य सरकारने ‘एक राज्य, एक गणवेश’ जाहीर केलं. आकाशी वर, गडद निळं खाली, राज्यभर सरकारी शाळांत तेच. २०२४-२५ मध्ये कापड वरून एकगठ्ठा आलं आणि शिवायला महिला बचत गटांकडे गेलं. बायकांना काम मिळालं, हे चांगलंच. माझ्याकडे पूर्वी काज-बटण करणारी एक मुलगी आता शहापूरकडे असते, तिच्या गटाकडे गठ्ठे आले. फोनवर म्हणाली, “काकू, पाचवीचं म्हणून दिलंय, पण पाचवीत एक पोर एवढं आणि एक तेवढं!” इयत्तेला माप नसतं हो, पोराला असतं. पावसाळा उलटला तरी कितीतरी शाळांत गणवेश पोचले नव्हते, जे पोचले त्यांतले कित्येक बसत नव्हते. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. म्हणजे जिथे मास्तरांना पोराचं नाव माहीत असतं तिथे.

त्या योजनेत मला खटकलं ते वेगळंच. वर्गाच्या आत गणवेश सारखेपणा आणतो म्हणता, पण रस्त्यावर तो पाटी लावतो. जावई मागे इंग्लंडला गेले होते, त्यांनी क्राइस्ट्स हॉस्पिटल नावाच्या शाळेचे फोटो दाखवले. १५५२ सालची शाळा, अनाथ आणि गरीब मुलांसाठी लंडनमध्ये काढलेली. मुलांना लांब निळे डगले आणि पिवळे मोजे. म्हणजे शाळेच्या गणवेशाची सुरुवात धर्मादायाच्या कपड्यातून झाली. अंगावर निळा डगला दिसला की लोकांना कळायचं, हे दानावर शिकणारं पोर. ती शाळा आता ससेक्समध्ये आहे, तोच डगला आजही घालतात, आणि आता त्याचा रुबाब आहे. आपल्याकडच्या आकाशी शर्टाला तो रुबाब कधी येणार? घोडबंदर रोडला सिग्नलवर एका बाजूला ब्लेझरवाली बस आणि दुसऱ्या बाजूला चालत जाणारी आकाशी पोरं दिसली की कुणाला काही विचारावं लागत नाही.

ब्लेझरवरून आठवलं. ठाण्याच्या घामात ब्लेझर! जाऊ दे.

पण या बड्या शाळांनी आमचा धंदा कसा बसवला ते सांगते. पूर्वी शाळा रंग सांगायची, कापड तुम्ही कुठूनही आणा, कुणाकडूनही शिवा. रेमंडची गिरणी १९२५ पासून आमच्याच ठाण्यात, पण ते कापड साहेबांच्या सुटांचं. आमचं टेरीकॉट भिलवाड्याचं, पुढे पुढे तयार माल सोलापूरचा. आता त्या गिरणीच्या जागेवर टॉवर झालेत. तर, एका शाळेने एका मे महिन्यात अचानक चौकडा बदलला. हिरव्यात पिवळी रेघ होती ती लाल झाली, आणि नवा चौकडा एकाच दुकानात. माझ्या पोटमाळ्यावर हिरव्या-पिवळ्याचे तीन ताके पडून. काय करणार? आधी पिशव्या शिवल्या, मग उशांचे अभ्रे, मग इस्त्रीवाल्याच्या टेबलाला खोळ. वर्षभर आमच्या गल्लीत भाजीवालीपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्या शाळेचे विद्यार्थी वाटायचे. २०१७ मध्ये सीबीएसईने परिपत्रक काढून शाळांना बजावलं होतं की आवारात पुस्तकं-गणवेश विकण्याची दुकानदारी करू नका, ठरावीक दुकानाची सक्ती करू नका. कागद निघाला. दुकान शाळेच्या फाटकातून समोरच्या फुटपाथवर गेलं, एवढाच फरक मला दिसला.

मुलींचं थोडं स्पष्ट बोलते, इथे पुरुष मंडळी आहेत तरीही. शनिवारचा पांढरा गणवेश कुणी ठरवला? नक्की कुठल्यातरी पुरुषाने. सातवीपासून पुढच्या मुलींच्या आया हळू आवाजात सांगायच्या, “ताई, आतून जाड अस्तर लावा.” मी न सांगताच लावायला लागले, पैसे न घेता. केरळात वलयनचिरंगरा गावच्या प्राथमिक शाळेने २०१८ मध्ये मुला-मुलींना सारखीच गुडघ्याखालपर्यंतची पँट दिली, ते वाचून मला वाटलं, हे सुचायला एवढी वर्षं का लागावीत?

मुंब्र्याच्या मुली यायच्या, त्यांना मी शाळेच्याच पांढऱ्या कापडाची ओढणी जरा रुंद द्यायची. मुख्याध्यापिका बघायच्या आणि बघत नसायच्या. त्या मुली दहावी झाल्या. पुढे कर्नाटकातलं हिजाबचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन न्यायमूर्तींनी दोन वेगवेगळे निकाल दिले. एवढ्या मोठ्या माणसांचं एकमत होईना, मी काय सांगणार. पण माझ्या गल्लीत तो प्रश्न सहा इंच जादा कापडात सुटत होता.

आता तुमच्या अमेरिकेचं. नातीने मला तिच्या प्रोजेक्टमधून शिकवलं. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ डेमॉइन शहरातल्या काही मुलांनी शाळेत दंडाला काळ्या फिती बांधल्या, शाळेने घरी पाठवलं, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९६९ मध्ये मुलं जिंकली. त्यातली एक मुलगी तेरा वर्षांची होती. मग १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचने आपल्या आठवीपर्यंतच्या सगळ्या मुलांना गणवेश लावला, १९९६ मध्ये क्लिंटनसाहेबांनी भर भाषणात गणवेशाची तरफदारी केली. आणि १९९८ मध्ये दोन संशोधकांनी आकडे तपासून सांगितलं की गणवेशामुळे हजेरी आणि वागणूक सुधारते असं काही दिसत नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. माझ्याच दुकानातले शर्ट घालून पोरं जांभळी नाक्यावर मारामाऱ्या करायची. फाटलेले खिसे कोण शिवायचं?

तर तुमचा प्रश्न, रविवारच्या शाळेला गणवेश असावा का. रागावू नका, पण परवाच्या सभेत मी नीट ऐकलं. मुलांपैकी कुणी गणवेश मागत नव्हतं, आईबाप मागत होते. एक जण डोळ्यांत पाणी आणून खडूने पांढऱ्या केलेल्या कॅनव्हासच्या बुटांबद्दल बोलले. तुम्हाला गणवेश नकोय हो, तुम्हाला नौपाड्यातल्या शाळेतली सकाळी सातची प्रार्थना हवीय. ती या पोरांच्या अंगावर शिवून कशी मिळेल? इथे कुणाची आई सहाला घर सोडत नाही, कुणाचं कपाट रिकामं नाही. मी म्हणते, नको.

तरीही तुमची कार्यकारिणी ठराव करणारच असेल, तर ऐका. सेक्रेटरींनी मला तो टीशर्टचा नमुना दाखवला, छातीवर एवढा मोठा लोगो. ते कापड परत पाठवा, सगळं पॉलिस्टर आहे, बगलेत टोचतं. साधा सुती कुडता करा, रंग एकच सांगा, ज्याने त्याने हवा तिथून आणावा. लोगो नको. आणि ज्या दोन-तीन घरांना नवा आणणं जड जाईल, आहेत हो, इथेही आहेत, लेक मला सांगते, त्यांच्यासाठी मागच्या वर्षीचे धुऊन-इस्त्री करून एका कपाटात ठेवा. किल्ली कपाटालाच असू दे, मागायला लागू नये.

कापड आणलंत तर पहिले दहा मी शिवून देते, लेकीकडे मशीन आहे. माझं विमान अठरा तारखेला आहे. टेप पर्समध्येच असतो. चहा झाला की ज्यांना माप द्यायचंय त्यांनी पोरांना त्या खिडकीपाशी आणा, जॅकेट काढून. आणि आयांनो, तिथे उभं राहून “जरा घट्टच घ्या, फॅशन आहे” असं सांगू नका. मी दोन इंच सोडणारच आहे.